प्राण्यांच्या समूहाला मराठीत काय म्हणावे: निसर्गलेखनात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

नागपुरातून सकाळी निघाले, तर पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर आणि ताडोबा ही सगळी जंगले दोन-तीन तासांच्या अंतरावर येतात, आणि त्यामुळे या शहरात वन्यप्राण्यांविषयी मराठीत लिहिण्याचा प्रसंग पुष्कळांवर येतो. कोणी पर्यटकांसाठी माहितीफलक लिहितो, कोणी माहितीपटाची उपशीर्षके तयार करतो, कोणी शाळेच्या सहलीसाठी टिपणे काढतो, तर कोणी स्वतः काढलेल्या छायाचित्राखाली दोन ओळी लिहितो. यांतील बहुतेक माहिती मुळात इंग्रजीत वाचलेली असते आणि ती मराठीत उतरवताना लेखक एका ठिकाणी हमखास अडखळतो. प्राणी एकटा असला तर अडचण नसते; अनेक प्राणी एकत्र आले, की त्यांना मिळून काय म्हणावे हे सुचत नाही. मग रानकुत्र्यांचाही 'ग्रुप' होतो आणि फुलपाखरांचाही 'ग्रुप' होतो, नाहीतर इंग्रजी शब्दाचे जसेच्या तसे भाषांतर होते. मी स्वतः अगदी पहिल्या कामात 'माशांची शाळा' असे लिहून दिले होते. तपासणाऱ्या बाईंनी समासात फक्त 'गणवेश कोणता?' एवढेच लिहून कागद परत केला. त्यानंतर हळूहळू जी पद्धत हाताशी बसली, ती येथे पायरीपायरीने मांडली आहे.

पहिली पायरी: इंग्रजी यादी बाजूला ठेवावी

कावळ्यांच्या समूहाला इंग्रजीत 'मर्डर', सिंहांच्या समूहाला 'प्राइड', चंडोलांच्या समूहाला 'एक्झाल्टेशन' आणि कोल्ह्यांच्या समूहाला 'स्कल्क' म्हणतात, अशा याद्या सर्वत्र फिरत असतात, आणि नवख्या लेखकाला त्या शास्त्रीय परिभाषेसारख्या वाटतात. वस्तुतः त्या परिभाषा नव्हेत. पंधराव्या शतकातील इंग्लंडमध्ये शिकार हा उच्चकुलीनांचा छंद होता, आणि कोणत्या जनावराच्या समूहाला काय म्हणायचे हे माहीत असणे हे चांगल्या घरात वाढल्याचे लक्षण मानले जाई. १४८६ मध्ये सेंट ऑल्बन्स येथे छापल्या गेलेल्या शिकारविषयक ग्रंथात अशा दीडशेहून अधिक शब्दप्रयोगांची यादी आहे. त्या यादीत केवळ जनावरे नाहीत; माणसेही आहेत. मठातील जोगिणींच्या समूहाला तेथे 'सुपरफ्लुइटी', म्हणजे गरजेपेक्षा जास्त झालेला साठा, असे म्हटले आहे. एवढे वाचल्यावर हा पुष्कळसा शब्दखेळ होता हे ध्यानात येते. आजचे प्राणिशास्त्रज्ञ कावळ्यांच्या समूहाला आपल्या निबंधात 'मर्डर' म्हणत नाहीत. ते साधे 'फ्लॉक' म्हणतात. 'प्राइड' आणि साळुंकीच्या कुळातील पक्ष्यांसाठीचा 'मर्मरेशन' असे थोडेच शब्द खरोखर वापरात राहिले.

म्हणून 'सिंहांचा अभिमान' किंवा 'कावळ्यांचा खून' असे भाषांतर करणे म्हणजे दुसऱ्याच्या घरातील विनोद आपल्या घरी गंभीर चेहऱ्याने सांगण्यासारखे आहे. काही वेळा तर इंग्रजी शब्दाचा अर्थही आपण समजतो तो नसतो. माशांच्या समूहाला लावला जाणारा 'स्कूल' हा शब्द मुलांच्या शाळेशी संबंधित नाही. तो डच भाषेतून आला आणि त्याचा मूळ अर्थ घोळका असाच आहे. माझी गणवेश नसलेली शाळा त्यामुळे दुहेरी चूक होती. देवमाशांच्या 'पॉड'चे 'शेंग' असे भाषांतरही मी पाहिले आहे, पण त्यावर अधिक बोलत नाही.

या पायरीवर करावयाचे काम एवढेच, की इंग्रजी मजकुरात असा शब्द भेटला तर तो खोडून त्या जागी 'अनेक कावळे', 'अनेक मासे' असे तात्पुरते लिहून ठेवावे आणि पुढे जावे.

दुसरी पायरी: समूह काय करीत आहे ते पाहावे

सगळ्या पद्धतीचा कणा ही पायरी आहे. वरील इंग्रजी याद्यांत शब्द जातीनुसार ठरतो: सिंह म्हटला की एक, कोल्हा म्हटला की दुसरा. मराठीत शब्द ठरतो तो समूह कसा जमला आहे, कोठे आहे आणि कशासाठी निघाला आहे यावरून. त्यामुळे एकाच प्राण्यांच्या एकाच समूहाला सकाळी एक शब्द लागतो आणि संध्याकाळी दुसरा.

याचे उत्तम उदाहरण नागपूरच्या आसपासच्या रस्त्यांवरच दिसते. कच्छकडील रबारी मेंढपाळ मेंढ्या आणि उंट घेऊन विदर्भभर हिंडत असतात; आपल्याकडे त्यांना काठेवाडी म्हणतात. कापणी झालेल्या शेतात त्यांच्या मेंढ्या चरत असतात तेव्हा तो मेंढ्यांचा कळप असतो. उंटांवर खाटा, भांडी, कोंबड्या आणि लहान मुले लादून सगळे जण पुढच्या गावाकडे चालू लागतात तेव्हा तोच तांडा होतो. रात्री शेतात मुक्काम पडला, की त्याला डेरा म्हणतात. मेंढ्या त्याच असतात आणि त्यांच्या संख्येतही फरक पडलेला नसतो. तरी 'चरणारा तांडा' किंवा 'मुक्कामाचा कळप' असे लिहिले तर मराठी कानाला ते खटकते. तांडा या शब्दात वाटचाल आहे. बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत, त्या व्यापाराला लदेणी म्हणत; पुढे ती माणसे जेथे स्थिरावली त्या वस्त्यांनाही तांडा हेच नाव राहिले, आणि यवतमाळकडे असे कितीतरी तांडे आजही आहेत. वस्ती स्थिर झाली तरी नावातला प्रवास तेवढा उरला.

आता नेहमी लागणारे शब्द याच दृष्टीने पाहू.

कळप हा जमिनीवर, बहुधा चरण्यासाठी किंवा परस्परांच्या आधाराने एकत्र राहणाऱ्या जनावरांचा असतो. चितळ, सांबर, गवे, रोही, काळवीट, रानडुकरे, हत्ती या सर्वांना तो चालतो. रोही म्हणजे नीलगाय; विदर्भातील वाचकांसाठी लिहिताना रोही हाच शब्द ठेवावा, कारण येथला शेतकरी ज्याच्यापासून पीक राखतो तो रोही असतो. २०२१ मध्ये छत्तीसगडमार्गे रानहत्ती गडचिरोलीत आले तेव्हा सगळ्या बातम्यांत 'हत्तींचा कळप' हाच शब्द आला, आणि तो बरोबरच होता, कारण वडीलधाऱ्या मादीच्या मागे माद्या आणि पिल्ले अशी ती घट्ट बांधणी असते. वयात आलेला नर त्यातून बाहेर पडतो. त्याला वर्तमानपत्रे टस्कर म्हणतात.

टोळी या शब्दात हेतू आहे, आणि तो हेतू बहुधा कोणाला तरी त्रासदायक असतो. चोरांची टोळी असते, वानरांची टोळी असते आणि रानकुत्र्यांचीही टोळी असते. पेंच किंवा ताडोबात रानकुत्रे, ज्यांना जुने लोक कोळसून म्हणतात, आपसांत दिशा वाटून घेऊन सावजाचा पाठलाग करतात. तेथे 'कळप' लिहिले तर ते शेळ्यांसारखे चरत असल्याचा भास होतो. मात्र तीच रानकुत्री भर दुपारी पाणवठ्याच्या कडेला पिल्लांसह लोळत पडलेली असली, तर मी तेथे टोळी लिहिणार नाही. 'रानकुत्र्यांचे कुटुंब' लिहीन. रामटेकच्या गडावर पायऱ्या चढताना प्रसादाच्या पिशवीवर झडप घालणारी वानरांची टोळी असते, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तिचा म्होरक्या नर म्हणजे हुप्प्या.

थवा हा उडणाऱ्यांचा शब्द आहे, पक्ष्यांचा शब्द नव्हे, हा फरक नवख्यांच्या लक्षात सहसा येत नाही. पोपटांचा थवा, कबुतरांचा थवा, फुलपाखरांचाही थवा म्हणता येतो. पण अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांचा थवा कोणी म्हणत नाही. मोर आणि लांडोरी शेताच्या बांधावरून चालत निघाल्या असतील तर तेथे घोळका बरा वाटतो. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणाऱ्या पळसमैना, म्हणजे भोरड्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये नागपूरभोवती फुललेल्या पळसांवर मधासाठी गर्दी करतात. झाडावर त्यांची गर्दी किंवा झुंबड असते, झाड सोडून एकदम वर उठल्या की थवा होतो, आणि सूर्यास्ताला हजारोंच्या संख्येने वळणे घेत त्या जागेवर उतरू लागल्या, की एका शब्दाने भागत नाही. इंग्रजी मजकुरात येथे 'मर्मरेशन' असते. ज्या वेळी मराठीत तयार शब्द नसतो, त्या वेळी क्रियापदाने काम करून घ्यावे: 'थवा आकाशात पसरत, आक्रसत, पुन्हा वळत राहिला.' नाम शोधत बसण्यापेक्षा हे पुष्कळदा अधिक अचूक ठरते.

उडणाऱ्यांची रचना दिसत असेल तर तिलाच नाव करावे. संध्याकाळी अंबाझरी तलावावरून परतणारे बगळे ओळीने जातात, आणि त्यांना आपण सहज 'बगळ्यांची माळ' म्हणतो. ही उपमा फार जुनी आहे. कालिदासाच्या मेघदूतात यक्ष मेघाला सांगतो, की आकाशात माळ करून उडणाऱ्या बलाका तुझ्या सेवेला येतील. आणि ज्या रामगिरीवरून तो हे सांगतो तो रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नागपुरात राहूनच प्रतिपादन केले. बगळ्यांच्या माळेसाठी इंग्रजी यादी उघडण्याचे नागपूरकराला तरी काही कारण नाही.

राहिलेले शब्द थोडक्यात सांगता येतील. मुंग्यांची रांग असते, कारण त्या रांगेतच दिसतात. झुंड या शब्दात वेग आणि बेभानपणा आहे. घोळका सैल असतो, त्याला शिस्त नसते, आणि माशांसाठी तो निर्धोक आहे. कावळ्यांची मात्र शाळा भरते: विजेच्या तारांवर, गच्चीच्या कठड्यावर पन्नास-साठ कावळे जमून एकाच वेळी बोलू लागले, की 'कावळ्यांची शाळा भरली' असे घरातील आजी म्हणते. माझी माशांची शाळा खोडली गेली आणि कावळ्यांची शाळा शिल्लक राहिली, याचे कारण एवढेच, की दुसरी मराठी माणसाच्या कानाने शोधलेली आहे.

तिसरी पायरी: पाळीव जनावरांविषयी गावात विचारावे

पाळीव जनावरांच्या बाबतीत पाहणे पुरत नाही, कारण त्यांच्या समूहावर मालकी, दोरी आणि वेळ यांची छाप असते. बैल जोडीने मोजतात. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली किती बैल उभे होते असे कोणी विचारत नाही. किती जोड्या आल्या असे विचारतात, आणि माहितीलेखातही 'चाळीस बैल' ऐवजी 'बैलांच्या वीस जोड्या' असेच लिहावे. गोठ्यात एका दोराला ओळीने बांधलेल्या गुरांची दावण असते. एकाच वेळी जन्मलेल्या पिल्लांसाठी वेत हा नेमका शब्द आहे: 'डुकरिणीच्या एका वेतात आठ पिल्ले'. इंग्रजीतील 'लिटर' पाहून 'कचरा' लिहिणारे भाषांतर-यंत्र अद्याप सुधारले नसेल, तर हा शब्द हाताशी असलेला बरा.

खिल्लार या शब्दाची गंमत वेगळी आहे. त्याचा मूळ अर्थ गुरांचा मोठा कळप असा आहे. पण सोलापूर, सांगली, सातारा भागातील बैलांच्या प्रसिद्ध जातीलाही तेच नाव पडल्यामुळे वाचकाच्या मनात आता आधी ती जातच उभी राहते. नागपूर-वर्धा भागातील आपली देशी गाय गवळाऊ जातीची. 'गवळाऊ गाईंचे खिल्लार' हे भाषेच्या दृष्टीने निर्दोष आहे, तरीही पशुसंवर्धनाविषयीच्या लेखात मी ते टाळतो, कारण वाचक दोन जातींचा संकर झाल्याचे समजू शकतो.

विदर्भातील खेड्यात गुरांना ढोरं म्हणतात, त्यांना चारायला नेणाऱ्याला कोठे गायकी तर कोठे ढोरकी म्हणतात, आणि सकाळी गावभरातील ढोरं ज्या मोकळ्या जागेत गोळा होतात तिला आखर म्हणतात. प्रमाण मराठीत लिहितानाही हे शब्द अवश्य वापरावेत, फक्त पहिल्या उल्लेखाच्या वाक्यातच त्यांचा अर्थ उघड होईल अशी वाक्यरचना करावी. 'आखरावर जमलेली ढोरं घेऊन गायकी निघाला' या वाक्यात स्वतंत्र समूहवाचक नाम नाही, तरी समूह पूर्ण डोळ्यांसमोर उभा राहतो.

चौथी पायरी: कीटकांची गल्लत टाळावी

येथे चुका सर्वांत जास्त होतात. पोळे म्हणजे मधमाश्यांनी बांधलेले मेणाचे घर. मोहोळ म्हणजे माश्यांसह ते सगळे वसलेले कुटुंब. म्हणून आपण मोहोळ उठले असे म्हणतो, पोळे उठले असे म्हणत नाही. जंगलातील उंच झाडांवर आणि शहरातील पाण्याच्या टाक्यांवर दिसते ते आग्या मोहोळ, आणि त्याविषयी सूचनाफलक लिहिताना 'मधमाश्यांचा समूह आढळल्यास' अशी गुळमुळीत भाषा न वापरता 'आग्या मोहोळ दिसल्यास' असे लिहावे, कारण हा शब्द वाचताच माणूस दोन पावले मागे सरतो. वारूळ हीदेखील जागा आहे, समूह नव्हे. वारुळात वाळवी किंवा मुंग्या असतात, 'मुंग्यांचे वारूळ चालले होते' असे म्हणता येत नाही.

टोळांसाठी मात्र स्वतंत्र शब्द आहे आणि तो भीतीतून घडलेला आहे: टोळधाड. मे २०२० मध्ये अमरावती जिल्ह्यातून पुढे सरकत टोळ नागपूर जिल्ह्यातील काटोल भागात पोचले तेव्हा संत्र्याच्या बागांमध्ये लोकांनी डबे वाजवले, आणि तोवर फक्त वाक्प्रचारातून ठाऊक असलेला हा शब्द नव्या पिढीला डोळ्यांनी दिसला. एक चौरस किलोमीटर पसरलेल्या धाडीत चार ते आठ कोटी टोळ असू शकतात. धाड या शब्दात हल्ला आहे, म्हणून एकट्यादुकट्या टोळांविषयी किंवा त्यांच्या अंड्यांविषयी लिहिताना तो वापरू नये.

पाचवी पायरी: समूह नसेल तर तो निर्माण करू नये

इंग्रजी याद्यांत वाघांच्या समूहालाही 'स्ट्रीक' असा शब्द आहे. वाघ एकटा राहणारा प्राणी आहे. ताडोबात एका चौकटीत चार वाघ दिसले, तर बहुतेक वेळा ती वाघीण आणि तिचे मोठे झालेले बछडे असतात. तेथे 'वाघीण आणि तिचे तीन बछडे' हेच लिहावे. 'वाघांचा कळप' लिहिल्याने वाक्य चुकतेच, शिवाय प्राण्याच्या स्वभावाविषयी खोटी माहिती दिली जाते. बिबट्या आणि अस्वल यांनाही हाच नियम लागू आहे. गोंदिया भागातील सारस जोडीने राहतात, म्हणून 'सारसांची जोडी'. हिवाळ्यात काही जोड्या एकत्र आल्या तर 'सारसांच्या तीन जोड्या' असे म्हणणे अधिक खरे ठरते. गव्याचा वयस्क नर कळपापासून वेगळा फिरताना दिसला, तर त्याला एकांडा म्हणावे.

सहावी पायरी: संस्कृत भांडार उघडावे, पण जपून

इंग्रजीइतकी विपुलता आपल्याकडे नाही अशी ज्याला खंत वाटत असेल, त्याने अमरकोश उघडावा. त्यात सजातीयांच्या समूहाला कुल, पशुपक्ष्यांच्या समूहाला यूथ असे सर्वसाधारण शब्द आहेतच. त्याशिवाय प्रत्येक प्राण्याच्या नावाला प्रत्यय लावून समूहाचे नाव केलेले आहे. कबुतरांचा समूह कापोत, पोपटांचा शौक, मोरांचा मायूर, तित्तिरांचा तैत्तिर. वासरांचा वात्सक, गाईंचा धैनुक, उंटांचा औष्ट्रक, बकऱ्यांचा आजक. हत्तींचा हास्तिक किंवा गजता. पाणिनीने या प्रत्ययांसाठी 'तस्य समूहः' या सूत्रापासून एक प्रकरणच दिले आहे. गजता या शब्दातील 'ता' प्रत्यय आपण रोज उच्चारतो, कारण जनता हा शब्द तसाच बनला आहे: जनांचा समूह तो जनता. निवडणुकीच्या सभेत हा शब्द ऐकताना आपण एक समूहवाचक नाम ऐकत आहोत, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याच कोशात पशूंच्या समूहाला समज आणि इतरांच्या समूहाला समाज असा भेद केला आहे. एका काना-मात्रेचा हा फरक मला नेहमी विचारात पाडतो.

तथापि हे शब्द मराठी मजकुरात थेट आणू नयेत. 'पोपटांचा शौक' वाचून नागपूरचा वाचक पोपटांना कसला शौक आहे याचा शोध घेईल, आणि 'समज' तर आपल्याकडे पूर्ण वेगळ्या अर्थाने स्थिरावला आहे. या भांडाराचा खरा उपयोग कोडे, मुलांचा खेळ किंवा भाषाविषयक लेख यांत होतो. माहितीफलकावर कळपाला कळपच म्हणावे.

सातवी पायरी: व्याकरण तपासावे

शब्द योग्य निवडला तरी वाक्यात तो नीट बसवावा लागतो. समूह एकवचनी असेल तर क्रियापदही त्याच्याप्रमाणे चालते, आत कितीही प्राणी असोत: 'थवा उडाला', 'टोळी पसार झाली', 'मोहोळ उठले'. 'हरणांचा कळप पळाले' असे घाईत लिहिले जाते, ते सुधारावे. कळप, थवा, तांडा, घोळका हे पुल्लिंगी आहेत. टोळी, रांग, माळ, झुंड, धाड, दावण हे स्त्रीलिंगी. मोहोळ, पोळे, वारूळ, खिल्लार, वेत हे नपुंसकलिंगी.

प्राण्याच्या नावाचे सामान्यरूप हा दुसरा सापळा आहे आणि त्यात सराईतही अडकतात. 'पक्ष्यांचा थवा' लिहिताना 'य' गळला, तर 'पक्षांचा थवा' होतो आणि तो राजकीय पक्षांचा असतो. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात तोही दिसत असल्यामुळे वाचकाची दिशाभूल होण्याचा संभव अधिक. मासा या शब्दाचे 'माशांचा' आणि माशी या शब्दाचे 'माश्यांचा' असे रूप होते. एका जोडाक्षराने पाण्यातला प्राणी हवेत जातो. हत्तीचे 'हत्तींचा', पण कोल्ह्याचे 'कोल्ह्यांचा', लांडग्याचे 'लांडग्यांचा', म्हशीचे 'म्हशींचा', हरणाचे 'हरणांचा'. रोही या शब्दाचे 'रोह्यांचा' असे रूप बोलण्यात आहे आणि तेच ठेवावे.

शंका आल्यास दोन जुने कोश हाताशी असावेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. गुरेढोरे रोजच्या व्यवहारात असलेल्या काळात हे कोश तयार झाल्यामुळे दावण आणि वेत यांसारखे शब्द त्यांत अर्थाच्या बारकाव्यांसह सापडतात.

आठवी पायरी: नवा शब्द घडवायचाच असेल तर

कधीकधी खरोखरच शब्द नसतो. अशा वेळी मारुती चितमपल्ली यांनी काय केले ते पाहावे. वनाधिकारी म्हणून विदर्भातील जंगलांत वर्षानुवर्षे राहिलेल्या या लेखकाने कावळ्यांच्या वसाहतीला काकागार आणि बगळ्यांच्या विणीच्या जागेला सारंगागार असे शब्द मराठीत रूढ केले. पक्षी रात्री ज्या झाडावर मुक्कामाला जमतात त्या जागेसाठी त्यांनी वापरलेला रातथारा हा शब्द आज पक्षिनिरीक्षकांच्या तोंडी आहे. इंग्रजी शब्दातील चित्राची नक्कल येथे नाही. थारा, आगार हे आपल्या ओळखीचे शब्द घेऊन समूह कोठे जमतो तेवढे सांगितले आहे. रातथारा हा शब्द प्रथमच ऐकणाऱ्यालाही समजतो, आणि नव्या शब्दाची कसोटी मी तेवढीच मानतो. जो शब्द वापरताना कंसात खुलासा करावा लागतो तो अद्याप तयार झालेला नाही.

शब्द घडवण्याआधी किमान एक संध्याकाळ त्या समूहासमोर काढावी. सरावासाठी नागपुरात अंबाझरी किंवा तेलंगखेडीचा तलाव पुरेसा आहे. सूर्यास्तापूर्वी एक तास वही घेऊन बसावे आणि जे जे एकत्र दिसेल त्याची नोंद अशी करावी: डावीकडे प्राण्याचे नाव आणि अंदाजे संख्या, मध्ये तो समूह करीत असलेली क्रिया, आणि उजवीकडचा रकाना त्या दिवशी कोराच ठेवावा. घरी येऊन, शक्य असल्यास खेड्यात वाढलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला केवळ मधला रकाना वाचून दाखवावा आणि ते काय म्हणतील ते उजवीकडे लिहावे. माझ्या अशा एका नोंदीत 'गायबगळे, तीसेक, चरणाऱ्या म्हशींच्या मागे मागे चालत' असे होते आणि उजवा रकाना मी थवा, घोळका, रांग यांपैकी काय लिहावे अशा विचारात कोरा सोडला होता. सावनेरकडे उभे आयुष्य शेतीत गेलेल्या माझ्या मावसकाकांना ती ओळ वाचून दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "त्यात काय लिवाचं हाय? म्हशीमागं वरात चालली म्हनून लिव ना."